बातमी पोहोचणं सोपं झालं, पारखणं महागलं

"घटना घडल्यावर दहा मिनिटांत तिचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर असतो. मग वार्ताहराची गरज काय उरली? सोशल मीडियामुळे पत्रकारिता सुधारली की बिघडली? आणि मी या व्यवसायात यावं का?" पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचे हे प्रश्न. तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देते.

मी सव्वीस वर्षं बातमीच्या कामात आहे. सुरुवात छापील वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून झाली, पुढे वेबसाइटचं डेस्क, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून लावणारा विभाग, सांभाळलं, आणि गेली आठ वर्षं पूर्णवेळ पडताळणी करते. समोर आलेला फोटो, व्हिडिओ, कागद किंवा दावा खरा आहे का, हे शोधणं हेच माझं काम. सुधारली की बिघडली याचं एका शब्दात उत्तर माझ्याकडे नाही. काय बदललं ते मात्र मी जवळून पाहिलं आहे.

वर्तमानपत्र नावाच्या वस्तूत चार कामं एका मोळीत बांधलेली होती. बातमी मिळवायची, ती खरी आहे का पाहायची, कोणती पहिल्या पानावर घ्यायची ते ठरवायचं, आणि छापून घरोघरी पोहोचवायची. चारही कामांचा खर्च एकाच गल्ल्यातून निघायचा आणि चुकलं तर जाब विचारायला एकच पत्ता असायचा. वेबने ही मोळी सोडली. पोहोचवणं जवळजवळ फुकट झालं. निवड मोठ्या कंपन्यांच्या अल्गोरिदमकडे गेली. मिळवण्याच्या कामात फोन हातात असलेला प्रत्येक माणूस सामील झाला. पारखण्याचं काम मात्र होतं तिथेच राहिलं, उलट आणखी अवघड झालं, आणि त्याचे पैसे ज्या गल्ल्यातून यायचे तो रिकामा झाला. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

चांगल्यापासून सुरू करते, कारण ते खरोखर चांगलं आहे आणि माझ्या पिढीतले बरेच जण ते मान्य करायला कचरतात. ७ जुलै २००५ ला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले. बोगद्यात अडकलेल्या डब्यांपर्यंत कोणताही कॅमेरामन पोहोचू शकत नव्हता. आतले फोटो प्रवाशांनी आपल्या फोनवर काढले. त्या दिवशी बीबीसीकडे लोकांकडून हजाराहून अधिक फोटो आणि सुमारे वीस हजार ईमेल आले. तोवर 'वाचकांचा पत्रव्यवहार' हे आतल्या पानावरचं सदर होतं. त्या दिवसानंतर तो बातमीचा पहिला स्रोत झाला.

त्याहून मोठा बदल वेगळा होता. २५ मे २०२० ला अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. पोलिसांनी काढलेल्या पहिल्या निवेदनाचा मथळा असा होता की, पोलिसांशी आलेल्या संबंधादरम्यान वैद्यकीय कारणाने एका माणसाचा मृत्यू झाला. पोलिसाने त्यांच्या मानेवर दाबून धरलेल्या गुडघ्याचा त्यात उल्लेखही नव्हता. रस्त्यावर उभ्या असलेल्या १७ वर्षांच्या मुलीने ते सगळं फोनवर चित्रित करून फेसबुकवर टाकलं, म्हणून जगाला काय घडलं ते कळलं. पुढच्या वर्षी पुलित्झर मंडळाने, म्हणजे अमेरिकेतला पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार देणाऱ्यांनी, तिचा विशेष उल्लेख करून गौरव केला.

हा प्रसंग मला अजून अस्वस्थ करतो. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकावरून चार ओळींची बातमी करणं हा डेस्कवरचा रोजचा रिवाज. मीही शेकडो केल्या असतील. 'पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार' एवढं लिहिलं की आपली जबाबदारी संपली असं आम्हाला शिकवलं होतं. त्या मुलीचा व्हिडिओ नसता तर माझ्यासारख्या कोणीतरी ते निवेदन नीट शुद्ध भाषेत लिहून आतल्या पानावर लावलं असतं. अधिकृत बाजू आणि सत्य यांत अंतर असू शकतं हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते दाखवायची सोय क्वचित मिळायची. आता ती रस्त्यावरच्या माणसाच्या खिशात आहे.

वाचकांनी आमच्यावरही नजर ठेवायला सुरुवात केली. सप्टेंबर २००४ मध्ये सीबीएस वाहिनीने अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या लष्करी सेवेबद्दल काही जुने कागद दाखवले. हे कागद १९७० च्या दशकातल्या टंकयंत्रावर टाइप झालेले वाटत नाहीत, अक्षरांची ठेवण संगणकावरची दिसते, असं ब्लॉग लिहिणाऱ्यांनी काही तासांतच दाखवून दिलं. कागद खरे असल्याची खात्री आपण देऊ शकत नाही, हे मान्य करायला वाहिनीला जवळजवळ दोन आठवडे लागले. पूर्वी अशी शंका काढणारं पत्र संपादकांच्या टेबलावर पडून राहिलं असतं.

आता पैशाकडे येऊ, कारण बाकी सगळं तिथून सुरू होतं. लोकांना वाटतं की वाचक इंटरनेटवर गेले म्हणून वर्तमानपत्रं खचली. पहिला घाव छोट्या जाहिरातींवर पडला. भाड्याने घर, नोकरी, जुनी गाडी, हरवले-सापडले. वाचक ज्यांच्याकडे ओझरतं पाहायचे त्या बारीक टायपातल्या ओळींनी अमेरिकेतली मोठमोठी वृत्तपत्रं पोसली होती. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रेगलिस्ट ही छोट्या जाहिरातींची ऑनलाइन सेवा सुरू झाली आणि बहुतेक जाहिराती फुकट घेऊ लागली. मग शोधयंत्रं आली, मग सोशल मीडिया आला, आणि मोठ्या जाहिरातीही तिकडे वळल्या. २००५ च्या सुमारास अमेरिकी वृत्तपत्रांचं जाहिरात उत्पन्न साधारण ४९ अब्ज डॉलर होतं. २०२० पर्यंत ते १० अब्जांच्या खाली आलं. त्याच काळात तिथली सुमारे एक चतुर्थांश वृत्तपत्रं बंद पडली.

पैसा आटला की वृत्तपत्रात कोण आधी जातं, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. मी ज्या ठिकाणी होते तिथे आधी मुद्रितशोधक गेले. मग संदर्भ विभाग, म्हणजे कात्रणांची पाकिटं सांभाळणारी माणसं. 'हे नाव गेल्या वर्षी वेगळं लिहिलं होतं' असं तोंडपाठ सांगणारी. मग बाहेरगावचे वार्ताहर. मग न्यायालयात रोज जाऊन बसणारा आमचा सहकारी, कारण त्याच्या बातम्या फार कोणी वाचत नव्हतं. संपादकीय लिहिणारे शेवटपर्यंत टिकले. मत लिहायला खर्च येत नाही. म्हणजे चूक अडवणारे जे चार थर होते तेच एकेक करून सुटत गेले आणि वरची रंगरंगोटी तशीच राहिली. वाचकाला मथळा तसाच दिसत होता, नाव तेच होतं, पण त्या नावामागे असलेली चाळणी विरळ झाली होती. ऑनलाइन माध्यमांत चुका जास्त का होतात याची अनेक विद्वत्तापूर्ण उत्तरं मी ऐकली आहेत. माझ्या अनुभवातलं उत्तर साधं आहे: बातमी लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मध्ये आता कोणी बसलेलं नसतं.

निवडीचं काम कसं निसटलं तेही सांगते. वेब डेस्कवर आमच्या समोर भिंतीवर एक पडदा असायचा. कोणती बातमी आत्ता किती जण वाचत आहेत, ते त्यावर क्षणाक्षणाला दिसायचं. सुरुवातीला त्याचा उपयोग झाला. पाणी, परीक्षा, दवाखाने यांबद्दलच्या, आम्ही किरकोळ समजत असलेल्या बातम्या लोकांना किती हव्या असतात ते तेव्हा कळलं. पुढे मात्र पडदाच वृत्तसंपादक झाला. सकाळच्या बैठकीत 'आज महत्त्वाचं काय' याऐवजी 'आज काय चालतंय' हा प्रश्न येऊ लागला. मथळ्याची रीत उलटी झाली. बातमीचं सार मथळ्यात सांगायचं हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. आता सार दडवून ठेवायचं, म्हणजे वाचक क्लिक करेल. सार दडवलेला मथळा वाचून फक्त पुढे सरकणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय उरतं, याचा विचार करायला कोणाला वेळ नव्हता.

आणि ज्या फेसबुकच्या भरवशावर हे चाललं होतं ते आमचं नव्हतंच. २०१५-१६ च्या सुमारास सगळीकडे एकच घोष होता, लोकांना आता व्हिडिओ हवा आहे. अनेक वृत्तसंस्थांनी लिहिणारी माणसं कमी करून व्हिडिओचे चमू उभे केले. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केलं की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात याचा आकडा ते ६० ते ८० टक्के फुगवून दाखवत होते, कारण तीन सेकंदांच्या आत सोडलेले व्हिडिओ त्या सरासरीत धरलेच नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी न्यूजफीड, म्हणजे फेसबुक उघडल्यावर दिसणारी पोस्टची रांग, बदललं, मित्र आणि कुटुंबाच्या पोस्ट वर आल्या, बातम्या खाली गेल्या. ज्यांचे निम्म्याहून जास्त वाचक तिथून यायचे त्यांचे वाचक काही आठवड्यांत नाहीसे झाले. कॅनडाने बातम्यांसाठी कंपन्यांनी मोबदला द्यावा असा कायदा केला तेव्हा फेसबुकची मालक कंपनी मेटाने ऑगस्ट २०२३ पासून तिथे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढून टाकल्या. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०२१ मध्ये असंच काही दिवस झालं होतं. आता गूगल मे २०२४ पासून शोधाच्या वरच यंत्राने लिहिलेलं उत्तर देऊ लागलं आहे. ज्या बातमीवरून ते उत्तर तयार झालं तिच्यापर्यंत वाचक जाईलच असं नाही. परक्याच्या अंगणात दुकान मांडलं की अंगणाचा मालक दार कधी लावेल ते आपल्या हातात नसतं, हे आम्ही फार उशिरा शिकलो.

वेगाबद्दल दोन प्रसंग सांगते, दोन्ही एप्रिल २०१३ चे. बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाल्यावर रेडिट या ऑनलाइन चर्चामंचावर हजारो लोक फोटो तपासत संशयित शोधू लागले. त्यांनी एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव पुढे केलं, काही पत्रकारांनीही ते पुढे ढकललं, आणि त्याच्या कुटुंबाला रात्रभर छळ सोसावा लागला. त्याचा स्फोटाशी काही संबंध नव्हता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात एपी या वृत्तसंस्थेचं ट्विटर खातं कोणीतरी बळकावलं आणि व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याची खोटी बातमी टाकली. काही मिनिटांत अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक १४० हून अधिक अंश घसरला आणि तेवढ्याच वेगाने सावरला. पहिल्या प्रसंगात मेहनतीची कमतरता नव्हती. हजारो लोक रात्रभर जागले होते. फक्त 'थांबा, हे नाव टाकू नका' म्हणायचं कर्तव्य त्यांच्यापैकी कोणावरच नव्हतं. डेस्कवर ते कोणावर तरी असतं, आणि त्यासाठीच त्याला पगार मिळतो.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार खऱ्या-खोट्या बातम्यांचा माग त्यांनी काढला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्के जास्त होती, आणि १५०० लोकांपर्यंत पोहोचायला खरीला सुमारे सहापट वेळ लागत होता. याला यंत्रचलित खाती जबाबदार असतील असा अनेकांचा अंदाज होता. पण ती वगळूनही निष्कर्ष तोच आला. पाठवणारी माणसंच होती, तुमच्या-आमच्यासारखी. नवल वाटलं की पुढे ढकलणारी.

आता माझ्या कामाबद्दल, आणि आधी माझी चूक. काही वर्षांपूर्वी पुरात पूल वाहून जातानाचा एक व्हिडिओ आमच्याकडे आला. त्या दिवशी पूर खरोखर आला होता. मी व्हिडिओतली एक चौकट, म्हणजे एक स्थिर चित्र, काढून तेच चित्र आधी कुठे आलंय का याचा प्रतिमा-शोध केला. काहीच सापडलं नाही. जुना असता तर सापडला असता, म्हणजे नवा आहे, असं मी धरलं आणि होकार दिला. तासाभरात एका वाचकाने लिहिलं: पुलाजवळ उभ्या असलेल्या बसवरची अक्षरं उलटी दिसतात. कोणीतरी व्हिडिओ आरशातल्यासारखा उलटवून टाकला होता, म्हणूनच शोधात सापडला नव्हता. सरळ करून पाहिल्यावर दुसऱ्याच देशातला, चार वर्षं जुना निघाला. मी सगळा वेळ पाण्याकडे आणि पुलाकडे बघत होते, चौकटीच्या कडेला बघितलंच नव्हतं. 'सापडलं नाही' याचा अर्थ 'नवं आहे' असा कधीच होत नाही, हे त्या दिवशी मी शिकले. आता कोणताही व्हिडिओ आला की तो एकदा उलटवूनही शोधते.

पद्धत अशी आहे. पहिला प्रश्न 'हे खरं आहे का' असा नसतो, 'हे पहिल्यांदा कोणी टाकलं' असा असतो. पुढे पाठवलेल्या व्हिडिओला आगापिछा नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून तर तो कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही दडलेली नोंद पुसलेलीच असते. म्हणून मूळ माणसापर्यंत जायचं आणि मूळ फाइल मागायची. त्याच वेळी आणखी एक गोष्ट मागायची, जी नवखे विसरतात: त्याच्या आधी आणि नंतर काढलेले फोटो. खऱ्या साक्षीदाराकडे ते असतात. कोणी एकच नेमका फोटो काढून थांबत नाही. धूसर, बोट आलेले, जमिनीचे असे चार-पाच तरी असतातच. ज्याच्याकडे फक्त तो एकच आहे त्याने तो बहुतेक वेळा कुठून तरी उचललेला असतो.

मग जागा. दुकानांच्या पाट्या, दिव्यांचे खांब, डोंगराची रेघ, रस्त्याचं वळण, आणि हे सगळं उपग्रह-नकाशाशी जुळवून बघणं. मग वेळ. सावलीची दिशा आणि लांबी, त्या दिवशीच्या हवामानाची नोंद, झाडांना पानं आहेत का. पोस्टवर दिसणारी वेळ बहुतेकदा बघणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे असते, घटनास्थळाच्या नव्हे. यात अनुभवी माणसंही फसतात. आवाज बंद करून एकदा बघायचं, आणि चित्र न बघता एकदा ऐकायचं. जुन्या दृश्यावर नवा आवाज चढवलेला असेल तर तो असाच पकडता येतो. आणि ज्याने व्हिडिओ पाठवला तो अजून तिथेच असेल तर आधी विचारायचं की तुम्ही सुरक्षित आहात का. आणखी चांगला व्हिडिओ मिळावा म्हणून त्याला पुढे जायला सांगायचं नाही, कधीच नाही. त्याची परवानगी घ्यायची, आणि नाव दिल्याने त्याला धोका असेल तर तो आपण त्याला समजावून सांगायचा, कारण घाईत त्याच्या ते लक्षात येत नाही.

हे काम किती दूर जाऊ शकतं ते पाहायचं असेल तर बेलिंगकॅट या ऑनलाइन शोधपत्रकारांच्या गटाकडे पाहा. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर मलेशियन एअरलाइन्सचं एमएच १७ विमान पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. इलियट हिगिन्स यांनी त्याच महिन्यात बेलिंगकॅट सुरू केलं होतं. रस्त्याने जाणाऱ्या सामान्य माणसांनी सोशल मीडियावर टाकलेल्या फोटो-व्हिडिओंतून त्यांनी बुक क्षेपणास्त्र वाहून नेणाऱ्या गाडीचा प्रवास जोडला. गाडीच्या बाजूच्या पट्ट्यांवरचे पोचे आणि ओरखडे जुळवून ती रशियातल्या कुर्स्कच्या ५३ व्या ब्रिगेडची असल्याचं दाखवलं. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तपास पथकही त्याच निष्कर्षाला आलं. ज्या सोशल मीडियावर त्या विमानाबद्दल असंख्य अफवा उठल्या, पुरावाही तिथेच पडलेला होता. तो उचलून महिनोन्‌महिने घासूनपुसून बघणारं कोणीतरी हवं होतं.

उलट टोकाचं उदाहरण २०१६ च्या पनामा पेपर्सचं. पनामातल्या एका कायदा कंपनीतून फुटलेली, परदेशी कंपन्यांत ठेवलेल्या संपत्तीची १ कोटी १५ लाख कागदपत्रं, २.६ टेराबाइट. म्युनिकच्या 'झ्यूडडॉइचे त्सायटुंग' या वृत्तपत्राला ती मिळाली, आणि त्यांनी ती शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेमार्फत ३७० हून अधिक पत्रकारांबरोबर वाटून घेतली. सुमारे वर्षभर कोणी चकार शब्द काढला नाही. इंटरनेटनेच हे शक्य केलं. वेगवेगळ्या देशांतले, एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेले वार्ताहर एकाच सुरक्षित ठिकाणी कागद शोधत होते. बातमी आल्यावर काही दिवसांत, त्या कागदांत नाव आलेल्या आइसलँडच्या पंतप्रधानांना पद सोडावं लागलं. वेब म्हणजे फक्त घाई असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मला हे वर्ष आठवतं.

चूक झाल्यावर काय करायचं, यावर माझं मत ठाम आहे आणि त्यावरून माझे संपादकांशी वाद झालेले आहेत. छापील अंकात दुरुस्ती दुसऱ्या दिवशी आतल्या पानात, बोटभर जागेत यायची. अपुरी होती, पण होती. छापलेला अंक परत घेता येत नव्हता, म्हणून कबूल करणं भाग होतं. वेबवर बातमी गुपचूप बदलता येते. आकडा बदला, मथळा बदला, पुसून टाका, जणू काही झालंच नाही. ज्यांनी आधीची बातमी वाचून पुढे पाठवली त्यांना कधीच कळत नाही. आम्ही शेवटी असं ठरवलं: दुरुस्ती बातमीच्या वरच, आधी काय लिहिलं होतं आणि आता काय बदललं ते वेळेसह. चुकलेली पोस्ट पुसायची नसेल तर तिच्याखाली, आणि पुसली तर नवी पोस्ट टाकून सांगायचं. चूक ज्या ज्या ठिकाणी गेली त्या प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती गेली पाहिजे. आणि अफवेचं खंडन करताना मथळ्यात अफवा लिहायची नाही, खरं काय ते लिहायचं. बहुतेक लोक मथळ्यापुढे जात नाहीत. 'अमुक झाल्याची अफवा' असं लिहिलं की त्यांच्या लक्षात 'अमुक झाल्याची' एवढंच राहतं.

यंत्राने बनवलेल्या चित्रांबद्दल मला सगळीकडे विचारलं जातं, म्हणून थोडक्यात. मे २०२३ मध्ये पेंटागॉन या अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयाजवळ स्फोट झाल्याचं बनावट चित्र फिरलं आणि शेअर बाजार काही मिनिटं हलला. अशी चित्रं पकडणारी साधनं मिळतात, पण त्यांच्या निकालावर मी बातमी करत नाही. मोठी घटना खरी असेल तर तिचे दुसऱ्या कोनातून, दुसऱ्या माणसाने काढलेले फोटो असतातच, ते शोधते. मला जास्त भीती दुसऱ्या गोष्टीची वाटते. खरा पुरावा समोर आला की 'हे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलंय' असं म्हणून हात झटकता येतात. मिनिआपोलिसच्या त्या मुलीचा व्हिडिओ आज आला असता तर पहिला तास याच वादात गेला असता.

आणि पुरावे टिकतही नाहीत. प्यू संशोधन केंद्राने पाहिलं तेव्हा २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने हिंसक म्हणून सीरियातल्या युद्धाचे कितीतरी व्हिडिओ काढून टाकले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या हत्यांच्या प्रकरणात सोशल मीडियावरच्या व्हिडिओंच्या आधारे अटक वॉरंट काढलं. म्हणून महत्त्वाचं काही दिसलं की आधी त्याची प्रत जतन करते, वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर नोंदवते, मग तपासायला बसते. तपास होईपर्यंत ते तिथे असेलच याचा भरवसा नाही.

मग या सगळ्याचे पैसे कोण देणार? न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये पेवॉल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय बातमी न उघडणारी भिंत, लावली तेव्हा अनेकांनी ती फसणार म्हटलं होतं. २०२३ पर्यंत त्यांचे वर्गणीदार १ कोटींच्या वर गेले. गार्डियनने पेवॉल न लावता वाचकांकडे वर्गणी मागितली आणि तेही चाललं. पण ही मोठी नावं आहेत. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत श्रीमंत देशांतही ऑनलाइन बातमीसाठी पैसे देणारे साधारण १७ टक्केच भरतात. म्हणजे तपासलेली बातमी पेवॉलच्या आत, आणि खोटी बातमी बाहेर, फुकट, सगळ्यांसाठी. या विचाराने मला खरंच झोप लागत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. निवडणूक, साथीचा आजार, आपत्ती आणि अफवांचं खंडन या बातम्या प्रत्येक संस्थेने खुल्या ठेवाव्यात, आणि उरलेल्यांवर वर्गणी घ्यावी.

शेवटचा प्रश्न, यावं का. या. पण दोन गोष्टी डोळे उघडे ठेवून. ऑनलाइन शिवीगाळ आणि धमक्या या कामाचा भाग झाल्या आहेत आणि बायकांच्या वाट्याला त्या जास्त आणि जास्त घाणेरड्या येतात. फिलिपिन्सच्या पत्रकार मारिया रेसा यांना २०२१ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, त्यांनी वर्षानुवर्षं हेच सोसलं होतं. आलेला प्रत्येक संदेश एकटीने वाचायचा नाही. ते काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यायचं, आणि धमक्यांची नोंद ठेवायची. दुसरी गोष्ट, कॅमेरा आणि एडिटिंग सगळ्यांनाच येतं. तुम्ही एक विषय खोल धरा. अंदाजपत्रक वाचता यावं, न्यायालयाचा निकाल वाचता यावा, १० टक्क्यांवरून १५ टक्के झालं तर ती ५ टक्के-अंकांची पण ५० टक्के वाढ असते, यांत गोंधळ होऊ नये. अशी माणसं डेस्कवर फार कमी आहेत.

आणि पहिली नोकरी निवडताना पगार आणि वाचकसंख्या विचारालच, पण संपादकांना एक प्रश्न नक्की विचारा: "गेल्या महिन्यात तुम्ही कोणती चूक दुरुस्त केली?" जिथे उत्तर मिळेल की आमच्याकडे चुका होत नाहीत, तिथून नम्रपणे निघा. जिथे संपादक जरा आठवून एखादी चूक तपशिलाने सांगतील, ती कोणाच्या लक्षात आली, वाचकांना कशी कळवली, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, तिथे पगार थोडा कमी असला तरी रुजू व्हा. तुमची पहिली बातमी तिथे तुमच्याखेरीज आणखी कोणीतरी वाचेल, आणि दोन प्रश्न विचारून परत पाठवेल.